विमान बदलताना मिळालेल्या वेळात धावायचं असेल तर

टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे सरावाचे सगळ्यात जड आठवडे येतात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. नेमकी याच काळात दिवाळीची सुट्टी असते, परदेशातल्या मुलांकडे जाणं असतं, लग्नं असतात, ऑफिसची वर्षअखेरीची कामं असतात. मुंबईहून सिडनी किंवा सॅन फ्रान्सिस्कोला जायचं तर जाताना दीड-दोन दिवस आणि येताना तेवढेच दिवस प्रवासात जातात. सरावाच्या वेळापत्रकात त्या रकान्यांत बहुतेक जण ‘प्रवास’ एवढंच लिहितात आणि पुढे सरकतात.

त्या रकान्यात चाळीस-पन्नास मिनिटांची हलकी धाव बसू शकते, आणि बसवावी असं मला मनापासून वाटतं. रात्रभर आखडून बसलेल्या शरीराला ती फार बरी वाटते, पुढच्या विमानात झोप लागते आणि आठवडा तुटत नाही. पण ही धाव रोजच्यासारखी ठरवता येत नाही. घरी आपण ‘आज दहा किलोमीटर’ म्हणतो आणि त्याप्रमाणे वेळ काढतो. इथे पुढच्या विमानाच्या वेळेपासून उलटं मोजत यायचं आणि जेवढी मिनिटं उरतील तेवढंच धावायचं. काहीच उरलं नाही तर धावायचं नाही. पुढे लिहिलेलं सगळं या एका नियमाभोवती आहे.

आधी पासपोर्ट, मग बूट

घड्याळ बघण्याआधी एक प्रश्न सोडवा: मधल्या देशात तुम्हाला विमानतळाच्या बाहेर पडता येतं का? भारतीय पासपोर्टवर याचं उत्तर देशागणिक बदलतं, आणि एकाच देशात तुमच्या पासपोर्टवर आणखी कुठले व्हिसे आहेत त्यावरही बदलतं.

सिंगापूरचं उदाहरण घ्या. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो. पण तुम्ही तिथून तिसऱ्या देशात जात असाल, पुढचं पक्कं तिकीट हातात असेल आणि अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एखाद्या देशाचा वैध व्हिसा असेल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय शहरात जाण्याची सोय आहे. त्याच्या अटी आहेत आणि शेवटचा निर्णय काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा असतो, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ताजे नियम वाचा. आगमनाचं ऑनलाइन कार्डही येण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं. ते घरी बसून भरून ठेवा, रांगेत उभं राहून फोनवर भरण्यात पंधरा मिनिटं जातात.

युरोपात एक वेगळीच गोष्ट सांभाळावी लागते. फ्रँकफर्टला उतरून पुढे शिकागोला जाणारा माणूस शेंगेन व्हिसाशिवाय (युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) बाहेर पडूच शकत नाही. ज्याच्याकडे शेंगेन व्हिसा आहे पण एकदाच प्रवेशाचा आहे, त्याने तासभर धावण्यासाठी बाहेर पाऊल ठेवलं की तो प्रवेश खर्च झाला. परतीच्या वाटेवर पॅरिसला बहिणीकडे उतरायचं ठरलं असेल तर ते गेलं. याउलट तुम्ही मुंबई-फ्रँकफर्ट-पॅरिस असे जात असाल, तर शेंगेनमध्ये प्रवेश फ्रँकफर्टलाच होतो. तिथे प्रवेशाची नोंद होतेच, मग बाहेर पडायला व्हिसाच्या बाजूने काहीच अडचण नाही.

अमेरिकेचा हिशेब आणखी निराळा. तिथे पहिल्या विमानतळावर उतरलं की पुढे कुठेही जायचं असलं तरी इमिग्रेशन होतंच, आणि साधारणपणे बॅगाही तिथेच उचलून कस्टममधून काढून परत द्याव्या लागतात. म्हणजे कायदेशीरदृष्ट्या तुम्ही देशात आलेलेच असता. अडचण असते ती इमिग्रेशनच्या रांगेची, जी अर्ध्या तासात संपेल की दोन तासांत हे आधी सांगता येत नाही. म्हणून अमेरिकेला जाताना पहिल्या विमानतळावर धावण्याचा बेत आखू नका. परतताना मात्र आखा: अमेरिकेतून निघताना इमिग्रेशनचं वेगळं काउंटर नसतं, फक्त सिक्युरिटी असते. शिवाय तिथल्या मुक्कामाच्या शहरातून मोठ्या विमानतळावर देशांतर्गत विमानाने आलेलं असल्याने वेळ तुमच्या हातात असते.

भारतात परत येतानाही असंच. दिल्ली किंवा मुंबईला आंतरराष्ट्रीय विमानातून उतरून पुण्या-नागपूरला जायचं असेल, तर बहुतेक वेळा पहिल्या ठिकाणीच बॅगा घेऊन कस्टममधून जावं लागतं. बॅगा पुन्हा दिल्याशिवाय हात मोकळे होत नाहीत.

आणखी एक पाहा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत की वेगवेगळ्या? वेगळी तिकिटं असतील तर सामान थेट शेवटपर्यंत जात नाही, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमची वाट पाहत नाही. अशा प्रवासात बाहेर धावायला जाण्याचा विचार सोडून द्या.

उलटी मोजणी

मी बाहेरच्या धावेसाठी सहा तासांची मर्यादा धरते. दोन विमानांमध्ये त्याहून कमी वेळ असेल तर टर्मिनलच्या आतच काय करता येईल ते पाहावं. हा आकडा कसा येतो ते बघा.

आंतरराष्ट्रीय विमान सुटायच्या दोन तास आधी तुम्ही इमिग्रेशन ओलांडून आत असलं पाहिजे. गेट साधारण वीस मिनिटं आधी बंद होतं, बोर्डिंग त्याच्या बरंच आधी सुरू होतं, आणि मोठ्या विमानतळावर गेटपर्यंत चालायलाच वीस मिनिटं लागतात. विमान टेकल्यापासून इमिग्रेशनच्या बाहेर येईपर्यंत एक तास. सामान ठेवणं आणि कपडे बदलणं अर्धा तास. धावून झाल्यावर अंघोळ आणि खाणं एक तास. राखीव अर्धा तास. हे झाले पाच तास, आणि यात तुम्ही अजून एक पाऊलही धावलेलं नाही. धावायच्या जागी जाण्यायेण्याची आणि प्रत्यक्ष धावण्याची वेळ याच्या वर.

राखीव अर्ध्या तासाला हात लावायचा नाही. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं तर धाव चाळीस मिनिटांनी कमी होते, राखीव वेळ नाही. हे विमान टेकल्यावर सीटमध्ये बसूनच ठरवून टाका, कारण नंतर पाय शिवशिवायला लागले की मन पळवाटा शोधतं. आणि विचार फक्त स्वतःचा नसतो. चेक-इन केलेली बॅग विमानात आणि प्रवासी बेपत्ता, असं झालं की ती बॅग शोधून उतरवावी लागते, आणि दोन-अडीचशे माणसं खोळंबतात.

समजा, मुंबईहून रात्री निघालेलं विमान सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सकाळी सव्वासातला उतरलं आणि पुढचं सिडनीचं विमान दुपारी दोनला आहे. हातात पावणेसात तास आहेत. माझा कागद असा दिसेल:

७:१५ विमान टेकलं
८:१५ इमिग्रेशनच्या बाहेर
८:४५ सामान ठेवलं, कपडे बदलले
९:०० धावण्याच्या वाटेवर
१०:१५ धाव आणि शेवटचं चालणं संपलं
१०:४५ राखीव वेळ इथे संपते
११:०० टर्मिनलजवळ, अंघोळ आणि खाणं सुरू
१२:०० इमिग्रेशनमधून आत
१२:५० गेटवर
२:०० उड्डाण

नऊ ते सव्वादहा ही पंचाहत्तर मिनिटं. त्यातली पहिली दहा आणि शेवटची दहा चालण्याची, उरलेली धावण्याची. हा कागद खरंच कागदावर लिहा, स्थानिक वेळेत, आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. थकलेल्या डोक्याने अडीच तासांचा फरक मिळवायचा की वजा करायचा यात लोक चुकतात. घड्याळ विमानातच स्थानिक वेळेवर लावून घ्या.

चांगी: सगळं जुळून येतं ती जागा

मुंबईकर धावपटूसाठी चांगीसारखा विमानतळ नाही, असं मी ठामपणे म्हणेन. सकाळी साडेसातला तिथे उतरलात तर भारतात पहाटेचे पाच वाजलेले असतात. एरवी मरीन ड्राइव्ह किंवा पुणे विद्यापीठाच्या रस्त्यावर निघण्यासाठी तुम्ही उठता तीच ही वेळ. झोप कमी झालेली असते, पण शरीराला धावण्याची वेळ अनोळखी वाटत नाही.

विमानतळालाच जोडलेली साडेतीन किलोमीटरची पायवाट आणि सायकलवाट ऑक्टोबर २०२० मध्ये खुली झाली. चांगी एअरपोर्ट कनेक्टर असं तिचं नाव. ती विमानतळापासून समुद्रकाठच्या ईस्ट कोस्ट पार्कपर्यंत जाते. तिच्यातला एक किलोमीटरचा पट्टा ‘जुरासिक माइल’ म्हणून ओळखला जातो, कारण कडेला मोठाले डायनोसॉर उभे केले आहेत. वाट चोवीस तास खुली असते आणि तिथे जायला पैसे लागत नाहीत. टर्मिनल २ च्या शेजारी ‘हब अँड स्पोक’ नावाचं कॅफे आहे. तिथे पैसे देऊन अंघोळ करता येते, सायकलीही भाड्याने मिळतात. सामान ठेवायची जागा टर्मिनलमध्येच, इमिग्रेशनच्या बाहेरच्या भागात आहे. म्हणजे टॅक्सी नको, मेट्रो नको.

पूर्ण वाट जाऊन परत आलात तर सात किलोमीटर होतात. किलोमीटरला सात मिनिटांच्या आरामशीर वेगाने पन्नास मिनिटांच्या आसपास. वरच्या कागदात हे बरोबर बसतं. सपाट रस्ता आहे, चढ नाही. पायी चालणाऱ्यांची आणि सायकलींची बाजू वेगळी आखलेली आहे, आपली बाजू सोडू नका. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालतात, त्यामुळे गोंधळ होत नाही. शनिवार-रविवारी सकाळी मुलांना घेऊन आलेली कुटुंबं डायनोसॉरपाशी थांबलेली असतात, तेवढ्या पट्ट्यात वेग सोडून द्यायचा.

उकाड्याचा अंदाज मात्र नीट घ्या. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. बारा महिने पहाटेही तापमान पंचवीसच्या आसपास आणि दमटपणा भरपूर. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे नऊला ऊन चढलेलं असतं, आणि वाटेच्या बऱ्याच भागात सावली नाही. मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये सकाळी उशिरा धावल्यासारखं होईल. नेहमीच्या हलक्या वेगापेक्षाही किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिट हळू जा. दुपारी गडगडाटी पाऊस नित्याचा आहे. वीज चमकायला लागली की उघड्या वाटेवर थांबायचं नाही, आडोसा गाठायचा. दुपारचा लेओव्हर (दोन विमानांमधला थांबा) असेल तर मी बाहेर जाणार नाही.

व्हिसाअभावी आतच राहावं लागलं तरी चांगीत वेळ वाया जात नाही. पहिली तीन टर्मिनल आतून जोडलेली आहेत, झपझप चाललं तर तासभर सहज निघतो. टर्मिनल १ मधल्या ट्रान्झिट हॉटेलच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव आहे, तिथे न राहणाऱ्यांनाही पैसे भरून जाता येतं. आणि एक बारकावा: चांगीत बहुतेक ठिकाणी सिक्युरिटी तपासणी थेट गेटवर होते. इमिग्रेशन झालं म्हणून सगळं झालं असं समजून निवांत बसू नका. पाण्याची बाटलीही गेटवर रिकामी करावी लागते.

इतर विमानतळ, थोडक्यात

दोहाच्या हमाद विमानतळावर ट्रान्झिटच्या आतच व्यायामशाळा आणि २५ मीटरचा पोहण्याचा तलाव आहे, शुल्क भरून वापरता येतो. मे ते सप्टेंबरमध्ये बाहेर चाळिशीपार ऊन असतं, तेव्हा धावण्याचा हट्ट धरण्यापेक्षा तीस मिनिटं पोहणं कितीतरी चांगलं. आखडलेल्या कंबरेला आणि सुजलेल्या घोट्यांना पाण्याइतकं बरं दुसरं काही नाही. पोहण्याचे कपडे केबिन बॅगेत असू द्या.

फ्रँकफर्टला ज्यांना बाहेर पडता येतं त्यांच्यासाठी जंगल हाकेच्या अंतरावर आहे. विमानतळाच्या रिजनल स्टेशनवरून एस-८ किंवा एस-९ लोकल पकडायची आणि शहराच्या दिशेला ‘श्टाडिऑन’ (Stadion) या स्टेशनवर उतरायचं. श्टाटवाल्ड या शहरी जंगलातल्या मातीच्या, सरळसोट वाटा तिथे सुरू होतात. गाडीत चढण्याआधी तिकीट काढायला विसरू नका, तिथे स्टेशनवर अडवणारी फाटकं नसतात पण डब्यात तपासनीस येतात. डिसेंबरमध्ये सकाळी आठपर्यंत अंधार असतो आणि थंडी गोठवणारी, त्यामुळे टोपी-हातमोजे नसतील तर जाऊ नका.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना काही ठिकाणं फार सोयीची आहेत. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाला खेटून माउंट व्हर्नन ट्रेल जाते. पोटोमॅक नदीकाठची ही वाट सुमारे २९ किलोमीटर लांब आहे आणि टर्मिनलमधून चालत तिथे पोहोचता येतं. उत्तरेकडे गेलात तर थोड्याच वेळात ग्रॅव्हली पॉइंट लागतं, जिथे विमानं डोक्यावरून उतरतात. बाल्टिमोरच्या विमानतळाभोवती तर साधारण २० किलोमीटरची आखीव वर्तुळाकार वाटच आहे. सॅन फ्रान्सिस्कोला टॅक्सीने काही मिनिटांत मिलब्रेच्या बेफ्रंट पार्कला जाता येतं, आणि तिथून खाडीच्या कडेने बर्लिंगेमच्या दिशेने सपाट वाट आहे. अमेरिकन विमानतळांवर सामान ठेवायची सोय क्वचितच मिळते, हे मात्र आधी धरून चाला. पाठीला घट्ट बसणारी छोटी सॅक एवढंच केबिन सामान असेल तरच हा बेत जमतो.

दिल्लीबद्दल मी जरा कडक आहे. पुण्याहून किंवा नागपूरहून दिल्लीमार्गे परदेशी जाणारे खूप आहेत, आणि लेओव्हरही लांब असतो. एअरपोर्ट मेट्रोने एका स्टेशनवर एरोसिटी आहे, तिथे रुंद पदपथ आहेत आणि काही तासांसाठी खोली देणारी हॉटेलंही. पण नोव्हेंबर ते जानेवारीत तिथल्या हवेत बाहेर धावू नये. हवेच्या निर्देशांकाचा आकडा बघा, दोनशेच्या वर असेल तर हॉटेलच्या ट्रेडमिलवर जा किंवा झोपा. मॅरेथॉनला दोन महिने उरलेले असताना घसा आणि छाती बिघडवून घेण्यात काही शहाणपण नाही. टर्मिनलमध्ये पुन्हा शिरताना सीआयएसएफच्या जवानाला तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, दोन्ही हाताशी हवं.

बॅगेत काय

बूट पायात घालूनच विमानात बसा, जागा वाचते आणि हरवत नाहीत. एक ड्रायफिट टी-शर्ट, शॉर्ट किंवा टाइट्स, मोज्यांचा एक जोड, स्त्रियांसाठी स्पोर्ट्स ब्रा हे सगळं एका झिप-पिशवीत, केबिन बॅगेच्या अगदी वर. टॉवेलऐवजी सुती पंचा न्या. मुठीएवढा होतो आणि पटकन वाळतो. साबणाची वडी न्या, म्हणजे १०० मिलिलिटरच्या नियमात अडकत नाही. एनर्जी जेल मात्र त्या नियमात येतं, ते द्रवपदार्थांच्या पारदर्शक पिशवीत ठेवा. ओआरएसची पावडर सुकी असते, तिला अडचण नाही. ओल्या कपड्यांसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी दोन पदरी घ्या, शेजारच्या प्रवाशाची आठवण ठेवून.

पासपोर्ट सामानघरात ठेवायचा नाही. तो, बोर्डिंग पास, एक कार्ड आणि थोडे स्थानिक पैसे कमरेच्या पट्ट्यात, घामाने भिजू नयेत म्हणून छोट्या झिप-पिशवीत. फोनही बरोबर हवा आणि त्यात नकाशा आधीच उतरवून घेतलेला. विमानतळाचं वायफाय बाहेरच्या वाटेवर येत नाही.

आखाती देशांत बाहेर धावायचं ठरलंच तर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घ्या. आणि कुठल्याही शहरात, विशेषतः एकट्याने धावणाऱ्या स्त्रियांनी, उजेडातच आणि माणसांची ये-जा असलेल्या वाटेनेच जावं. अनोळखी गावात जवळची वाट शोधत आत शिरू नका.

बरोबर आई-बाबा किंवा मुलं असतील तर घरीच बोलून घ्या. ‘तुम्ही दोघं इथे बसा, मी तासाभरात येते’ हे आयत्या वेळी सांगणं बरोबर नाही. त्यांची खाण्याची, झोपण्याची, स्वच्छतागृहाजवळ बसण्याची नीट सोय लावून मगच जावं, आणि त्यांना तुमची परत येण्याची वेळ लिहून द्यावी.

शरीर काय अवस्थेत उतरतं

विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा असतो. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे तुम्ही रात्रभर तिच्याही माथ्यापेक्षा उंच बसून आलेले असता. हवेत दमटपणा बहुधा वीस टक्क्यांच्या खाली. त्यात झोप अर्धवट. त्यामुळे उतरल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद चालते आणि नेहमीचा हलका वेगही जड वाटतो. घड्याळातला पेस (किलोमीटरमागे लागणारी मिनिटं) बघू नका. पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या श्वासात धावा.

म्हणूनच लेओव्हरमध्ये इंटरव्हल (मधे मधे थांबत जोरात धावणं) नको, टेम्पो (बराच वेळ एकाच जोरकस वेगाने धावणं) नको आणि लाँग रन (आठवड्यातली सगळ्यात लांब धाव) तर मुळीच नको. रविवारचे २८ किलोमीटर प्रवासात गेले तर ते निघायच्या एक-दोन दिवस आधी उरकून घ्या, किंवा पोहोचल्यावर तीन-चार दिवसांनी शरीर तिथल्या वेळेला रुळलं की करा. मधली धाव ही फक्त हलकी, पाय मोकळे करणारी. लांब आणि जोराचं धावून लगेच नऊ तास खुर्चीत अडकून बसणं पोटऱ्यांना अजिबात मानवत नाही.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. एकूण धोका कमीच आहे, साधारण ६,००० प्रवाशांत एक. पण उतरल्यावर एकाच पायाची पोटरी दुखत असेल, सुजली असेल, गरम लागत असेल, किंवा धाप लागून छातीत दुखत असेल, तर ते आखडणं समजून धावून मोकळं करायला जाऊ नका. थेट विमानतळाच्या वैद्यकीय केंद्रात जा. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि पूर्वी गुठळीचा त्रास झालेल्यांनी हा सगळा बेत आधी डॉक्टरांना विचारूनच करावा. दोन्ही घोट्यांना सारखी हलकी सूज मात्र नेहमीची असते, चालल्यावर उतरते. बुटांच्या नाड्या थोड्या सैल बांधा.

आणि डोळे मिटत असतील तर झोपा. लेओव्हर तुमच्या शरीराच्या रात्री दोन-तीनच्या वेळेला पडला असेल, तर दीड तासाची झोप ही त्या दिवशीची योग्य कसरत आहे.

प्रत्यक्ष धाव

पहिली दहा मिनिटं चालाच, त्यात पाच मिनिटं झपझप. मग उभ्यानेच टाचा वीस-पंचवीस वेळा उचला, घोटे फिरवा, गुडघे वर घेत थोडं जागच्या जागी धावा. मग हळूहळू सुरुवात.

जाऊन-परत अशीच वाट निवडा, आणि वळायचं ते अंतरावर नाही, वेळेवर. धावण्याची पन्नास मिनिटं असतील तर पंचविसाव्या मिनिटाला घड्याळात गजर लावा. तो वाजला की जिथे असाल तिथून मागे. समोर समुद्र दिसायला लागला असेल, दोनशे मीटरवर पार्क असेल, तरीही मागे. परतताना ऊन वाढलेलं असतं, म्हणून उलट्या वाटेला दोन मिनिटं जास्त धरलेली बरी. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी.

पाय मुरगळला किंवा चक्कर आली तर धाव तिथेच संपवा आणि टॅक्सी करा. कमरेच्या पट्ट्यातले पैसे त्यासाठीच आहेत.

आतच राहिलात तर टर्मिनलमध्ये धावू नका. लोक ट्रॉल्या घेऊन अचानक वळतात, लहान मुलं मधे येतात, आणि पळणारा माणूस दिसला की सुरक्षारक्षक सावध होतात. तिथे झपझप चालणं हाच सराव. सरकते पट्टे सोडून शेजारून चाला. रिकाम्या गेटच्या कोपऱ्यात एका पायावर टाचा उचलणं, भिंतीला टेकून बसकी, लंजेस, प्लँक अशी वीस मिनिटं करा, मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात हेच पाय कामाला येतात. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या काही विमानतळांवर योगासनांसाठी खोली आहे. प्रार्थनेच्या खोलीत मात्र व्यायाम करू नये, कितीही रिकामी आणि शांत असली तरी.

अंघोळ, खाणं, दुसरं विमान

धाव संपल्यावर दहा मिनिटं चाला आणि घाम पूर्ण निथळू द्या, मगच अंघोळीला जा. नाहीतर अंघोळ करून बाहेर येताच पुन्हा घामाघूम व्हाल. शॉवर लाउंजमध्ये, ट्रान्झिट हॉटेलमध्ये किंवा वेगळ्या पैसे-देऊन केंद्रांत मिळतो. कुठे, किती वाजेपर्यंत आणि इमिग्रेशनच्या आत की बाहेर हे निघण्याआधीच पाहून ठेवा. शॉवर मिळणार नसेल तर मी धावतच नाही. पुढचे आठ तास शेजाऱ्याला तुमच्या घामाशेजारी बसवणं योग्य नाही.

खाण्यात काही विशेष नको. ओआरएस घातलेलं पाणी अर्धा-एक लिटर, हळूहळू. भात, इडली, अंडी, केळं, जे साधं आणि ओळखीचं मिळेल ते. घरून नेलेले राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की अशा वेळी उत्तम. पुढे ऑस्ट्रेलियाला जात असाल तर उरलेलं विमानातच संपवा किंवा उतरताना कार्डावर घोषित करा, तिथले अन्नाचे नियम फार कडक आहेत. दुसऱ्या विमानात दारू नको, चहा-कॉफीही एखादाच कप.

गेटवर पोहोचलात की बसू नका, बोर्डिंग होईपर्यंत उभेच राहा किंवा फेऱ्या मारा. सीटवर बसल्यावर कॉम्प्रेशन मोजे (पोटऱ्या आवळून धरणारे) असतील तर ते चढवा आणि जागे असाल तोवर तासाभराने पावलं वर-खाली हलवून पोटऱ्या आवळा-सोडा. शक्य असेल तर वाटेकडेची सीट आधीच घेऊन ठेवा, उठायला कुणाला उठवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पोहोचल्यावर पुन्हा धावायची घाई करू नका. उजेडात अर्धा तास चालणं पुरे, ठरलेला सराव त्याच्या पुढच्या दिवशी.